ऑइल बदलायचंय, जरा सरका!

आगोट जवळ आली की कर्जत-खालापुरात कामांची ठरलेली रांग लागते. कौलं चाळायची, कडव्या वालांना ऊन दाखवून ते डब्यात भरायचे, सुकट-बोंबलांची सोय करायची, कांद्याच्या माळा टांगायच्या, पडवीला पावसाच्या अंगानं प्लास्टिकचा कागद मारायचा. ज्याच्या दारात जुनी डिझेल जीप उभी आहे त्याच्या रांगेत आणखी एक काम असतं. इंजिनाचं ऑइल आणि फिल्टर बदलायचं. बाकीची कामं घरची माणसं करतात. हे काम गाव करतं. मालक फक्त गाडीखाली झोपतो.

कंपनीच्या पुस्तकावर विश्वास ठेवला तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन गरम करा, इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरचा बोल्ट काढा, जुनं ऑइल उतरू द्या, फिल्टर बदला, बोल्ट बसवा, नवीन ऑइल ओता, पट्टी बघा. ज्यानं हे लिहिलं त्याच्या अंगणाला बहुधा उंच कुंपण असावं. आमच्याकडे या कामाला अख्खी सकाळ जाते आणि तिच्यातून पान्हा फिरवण्याचा वेळ वेगळा काढला तर तो पुस्तकात दिलाय तेवढाच भरतो. उरलेली सकाळ लोकशाहीची.

गाडी एमएच-०६ नंबरची आहे. आता या दोन तालुक्यांतल्या नव्या गाड्यांना पनवेलचा एमएच-४६ मिळतो, त्यामुळे ०६ची पाटी दिसली की जाणकार माणूस गाडीकडे बघायच्या आधी गाडीखालच्या जमिनीकडे बघतो. चहाच्या टपरीसमोरचा काळा डाग बघून ‘शेठ येऊन गेले वाटतं’ असं सांगणारी मंडळी इथं आहेत. डागाच्या जागेवरून गिअरबॉक्सचा डाग कोणता आणि चेंबरचा कोणता हेही ती सांगतात. दिल्लीत हरित लवादानं २०१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना रस्ता बंद केला. ही बातमी आमच्या नाक्यावर वाचली गेली तेव्हा सगळ्यांना खरंच वाईट वाटलं. दहा वर्षांत गाडीचा आवाज कुठं कानाला बसतो, असं एकाचं म्हणणं पडलं.

या गाड्यांचा इतिहास इथल्या माणसाला तोंडपाठ असतो, फक्त प्रत्येकाचा वेगळा असतो. छापील इतिहास असा की १९४५ साली ‘महिंद्रा अँड महंमद’ नावाची कंपनी निघाली. देशाची फाळणी झाली, भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले आणि पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीच्या पाटीवर दोन्हीकडे महिंद्राच आले आणि मुंबईत विलीज जीप जुळवण्याचं काम सुरू राहिलं. एका भागीदाराच्या वाट्याला देश आला, दुसऱ्याच्या वाट्याला जीप. देखभाल दोघांनाही सोपी गेली नाही. खालापूरकरांचा या गाडीवर आणखी एक हक्क आहे. साठच्या दशकात महिंद्रांचा पोलादाचा कारखाना खोपोलीत जगदीशनगरला उभा राहिला. त्यामुळे जीपच्या अंगावरचं कुठलंही लोखंड ‘आपल्या जगदीशनगरचं’ असतं, अशी इथं ठाम समजूत आहे. ते गंजलं तर मात्र बाहेरून आलेलं असतं.

पेट्रोल परवडेनासं झालं तशी जीप डिझेलवर आली आणि तिथं दोन पंथ तयार झाले. एक प्यूजोवाल्यांचा. त्यांचं इंजिन मूळचं फ्रेंच, ऐंशीच्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागलेलं. दुसरा डीआयवाल्यांचा. यांचं इंजिन इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, म्हणजे खाचरात चिखलणी करणाऱ्या बी-२७५चं सख्खं भावंड. प्यूजोवाल्याला सकाळी हिटर लावून थांबावं लागतं. डीआय लगेच चालू होते आणि मग शेजाऱ्यांना थांबावं लागतं, एकमेकांचं बोलणं ऐकू यायला. दोन्ही पंथांत एक गोष्ट समान असते. चावी काढली म्हणून या गाड्या बंद पडतीलच असं नाही. डिझेलला एकदा पेट घेतला की ठिणगी लागत नाही. इंजिन थांबवायचं तर डॅशबोर्डखालची मूठ ओढून डिझेल तोडावं लागतं. एका रिसॉर्टच्या दारात गाडी लावणाऱ्या पोराच्या हातात मी चावी दिली. त्यानं गाडी लावली, चावी काढून खिशात टाकली आणि धडधडणाऱ्या इंजिनाकडे वळूनवळून बघत तो सरळ मॅनेजरला बोलवायला गेला.

तर ऑइल. ते आणायला चार फाट्यावरच्या दुकानात जावं लागतं, आणि दुकानात शिरलं की निवडणूक लागते. १५ डब्ल्यू ४०चा एक पक्ष, २० डब्ल्यू ४०चा दुसरा, ‘ट्रॅक्टरचंच इंजिन आहे ना, मग ट्रॅक्टरचं ऑइल घाला’ हा तिसरा. चौथा पक्ष सर्वांत जुना आणि निष्ठावंत. बदलायचं काही नाही, कमी झालं की वरून ओतायचं. या पक्षाच्या गाड्या शिळफाट्याच्या आसपास बॉनेट उघड्या ठेवून उभ्या असलेल्या दिसतात.

डब्ल्यू म्हणजे हिवाळा. थंड इंजिनात ऑइल किती पातळ राहील हे त्याच्या आधीचा आकडा सांगतो आणि गरम इंजिनात ते किती घट्ट राहील हे नंतरचा. आकडा लहान तेवढं ऑइल थंडीत लवकर हलतं. १५ डब्ल्यूच्या ऑइलवर इंजिन फिरतं का, याची परीक्षा उणे २० अंशांना घेतात, २० डब्ल्यूची उणे १५ला. कर्जतला पौषात पहाटे शेकोट्या पेटतात, स्वेटर निघतात, टपरीवाल्याचा धंदा दुप्पट होतो, पण उणे २०ची व्यवस्था अजून झालेली नाही. तरी दुकानात या पाच अंशांवरून जो वाद रंगतो तो ऐकून नवख्याला वाटावं की बाहेर बर्फ पडतंय. दुकानदार दोन्ही बाजूंना ‘बरोबर आहे’ म्हणतो. त्याला दोन्ही डबे खपवायचे असतात. काही डब्यांच्या झाकणाखाली मिस्त्रीसाठी कूपन असतं. कोणतं ऑइल तुमच्या इंजिनाला ‘मानवेल’ हे मिस्त्री छातीवर हात ठेवून सांगतो, ते त्या कुपनाशी पडताळून बघू नये. माणुसकी टिकवायची असते.

उंच गाडीचा एक फायदा सांगतात की हिला जॅक लागत नाही. खरं आहे. पोतं अंथरलं, पाठीवर झोपून सरकलं की माणूस थेट चेंबरखाली. आणि एकदा तिथं गेला की त्याला पळता येत नाही, हे गावाला माहीत असतं.

गाडीखालून माणसं घोट्यापर्यंतच दिसतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत चेहऱ्यांची उणीव भासते, पुढे भासत नाही. चालीवरून आणि पादत्राणांवरून सगळं कळतं. टाचेला झिजलेल्या चामडी चपला आल्या की एसटीतून निवृत्त झालेले काका आले. ऑइलला पाहिजे त्यापेक्षा जास्त चकाकणारे पांढरे बूट आले की पलीकडच्या फार्महाऊसचे शेठ आले. शेठ शनिवार-रविवारीच असतात, म्हणून ऑइल बदलायला मी मुद्दाम मंगळवार धरतो. मेमध्ये त्यांना नेमकी मंगळवारी सुट्टी असते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट म्हणजे त्यांच्या फार्महाऊसवर देखरेखीला असलेला दादा. तो मेच्या कडक उन्हातसुद्धा गमबूटच घालतो, कारण ते शेठनी दिलेत. अनवाणी म्हणजे पोरं. चार पाय एकदम आले की कुत्रा. सल्ला न देणारा तेवढाच.

“काय, ऑइल बदलताय?” चपला.

“हो काका.”

“कशाला?”

“पाच हजार झाले.”

“किलोमीटर का रुपये?”

यावर गमबूट हसतात. पांढरे बूट हसत नाहीत, कारण त्यांच्या नव्या गाडीच्या सर्व्हिसिंगचं बिल त्यांना आठवलेलं असतं.

पुढचा प्रश्न पान्ह्याचा. बोल्ट सतराचा की एकोणीसचा यावर गाडीच्या मालकाचं मत कोणी विचारत नाही. त्याच्या हातात पान्हा असतो आणि तो बोल्टला बसलेला असतो, पण हा पुरावा धरला जात नाही. मग दिशा. “उलटा फिरव,” काका म्हणतात. “उलटा म्हणजे घड्याळाच्या उलटा,” शेठ सुधारतात. “घड्याळ कोणी बघायचं? वरून बघणाऱ्यानं का खालून बघणाऱ्यानं?” हा दादाचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर त्या मंडळीत तोच एक विचार करणारा आहे. बोल्टाच्या तोंडाकडे बघणाऱ्यानं घड्याळाच्या उलट फिरवायचा हे उत्तर. बोल्टाच्या तोंडाकडे बघणारा माणूस सगळ्या सभेत एकच असतो आणि त्याच्या तोंडावर माती पडत असते.

चेंबरच्या बोल्टाशी दांडगाई करायची नाही. आटे गेले तर ऑइल बदलण्याचं काम चेंबर उतरवण्याचं काम होऊन बसतं. त्याच्याखालचा तांब्याचा वायसर दर वेळी नवा टाकायचा. ती चकती पाच-दहा रुपयांची असते. तांबं मऊ असतं, दाबलं की बसतं आणि गळती थांबते. एकदा दाबलेलं तांबं दुसऱ्यांदा तसं बसत नाही. हे सगळं मी गाडीखालून समजावून सांगत असताना वर ‘छिन्नी लाव’ हा ठराव एकमतानं मंजूर झालेला असतो. आमच्या भागात कोणत्याही न निघणाऱ्या वस्तूवर छिन्नी हा शेवटचा उपाय नसतो, पहिला असतो.

बोल्ट निघतो आणि ऑइल येतं. इथं घमेलं चेंबरच्या बरोबर खाली ठेवणारा माणूस नवखा. गरम ऑइलची पहिली धार आडवी उडते आणि घमेल्याच्या पलीकडे जाते. आतलं ऑइल उतरत जाईल तसा जोर ओसरतो आणि धार बोल्टाच्या भोकाखाली येते. म्हणून घमेलं आधी पुढे ठेवायचं आणि मग हळूहळू मागे ओढत न्यायचं. इंजिन गरम असताना ऑइल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन उतरतं, थंड इंजिनातली घाण तिथंच बसून राहते. अर्थात गरम म्हणजे कोमट. नुकत्याच घाट चढून आलेल्या इंजिनाखाली हात घालणाऱ्याला नंतर पट्टी बांधायला कर्जतच्या दवाखान्यात जावं लागतं आणि तिथंही रांगेत कोणीतरी विचारतं, ऑइल कोणतं घातलं?

जुना फिल्टर म्हणजे वेगळं प्रकरण. गेल्या वर्षी ज्यानं तो बसवला त्यानं तो हातानंच आवळायचा होता. रबराला ऑइलचं बोट लावायचं, रबर टेकेपर्यंत फिरवायचा आणि वर पाऊण फेरा. बस. पण आवळण्याच्या बाबतीत आपल्याकडे हात आखडता घेत नाहीत. गाडी कुठेतरी पडली तर फिल्टर मात्र जागेवर राहील, अशा बेतानं तो बसवलेला असतो. तो काढायला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून बघतात, मग पॉलिश पेपर, मग गावाचा आवडता उपाय येतो. स्क्रू-ड्रायव्हर फिल्टरच्या पोटात हाणायचा, आरपार काढायचा आणि त्याचाच दांडा करून फिरवायचं. फिल्टरचा पत्रा फाटतो, उरलेलं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं आणि वरून टाळ्या पडतात. शेठ तोपर्यंत मोबाइलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ लावतात. त्या माणसाचे हात शेवटपर्यंत स्वच्छ राहतात. त्यावरून काका लगेच ओळखतात की गाडी त्याची नाही.

नवा फिल्टर बसवण्याआधी त्यात थोडं ऑइल भरून घ्यावं. नाहीतर इंजिन चालू झाल्यावर आधी फिल्टर भरतो आणि तेवढे क्षण बेअरिंगं कोरडी फिरतात. यावर मतभेद नाहीत. कारण ही गोष्ट करेपर्यंत मंडळी चहाला गेलेली असतात.

मिस्त्री येतो तो या टप्प्यावर. त्याला कोणी बोलावलेलं नसतं. मालक स्वतः ऑइल बदलतोय ही बातमी त्याच्यापर्यंत गेलेली असते आणि तो केवळ माणुसकीच्या नात्यानं बघायला आलेला असतो. काही न बोलता तो घमेल्याशी उकिडवा बसतो, दोन बोटं ऑइलात बुडवतो, अंगठ्यावर चोळतो, नाकाशी नेतो. सगळे गप्प. मग ती बोटं माझ्याच पोत्याला पुसून तो निकाल देतो.

“चांगलं होतं की अजून. दोन हजार आरामात गेलं असतं.”

या वाक्यावर उपाय नाही. पाचशे किलोमीटरला बदललं तरी तो हेच म्हणणार आणि दहा हजारांनी बदललं तर ‘इंजिन धरलं कसं नाही’ म्हणणार. काकांना मात्र नवं बळ येतं. एसटीत आम्ही, या दोन शब्दांनी सुरू होणारी त्यांची गोष्ट मग चालू होते आणि तिला मधला थांबा नसतो.

आता चारचाकी ताकदीच्या गाडीची खरी मेख. इंजिनाचं ऑइल बदललं म्हणजे ऑइल बदललं असं तिच्यात होत नाही. गिअरबॉक्सचं वेगळं, ट्रान्सफर केसचं वेगळं, पुढच्या डिफरन्शियलचं वेगळं, मागच्याचं वेगळं. ताकद चार चाकांना आणि वंगण चार ठिकाणी, तेही इंजिन सोडून. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली की डिफरन्शियलमध्ये पाणी शिरतं आणि आतलं ऑइल दुधी होतं. मग बोल्ट काढल्यावर जे बाहेर येतं ते बघून मिस्त्रीच्या चेहऱ्यावर दिवाळी दिसते.

आणि ही ताकद वापरतो कोण? रस्ते आता बरेच सुधारलेत. खांडसपर्यंत डांबर आहे, वाड्या-वस्त्यांवर काँक्रीट आलंय. चिखल शोधत जावं लागतं. म्हणून बऱ्याच फार्महाऊसांचा शेवटचा तुकडा मालक मुद्दाम कच्चा ठेवतात. ग्रामपंचायत तो काँक्रीटचा करायला निघाली तर विरोध करतील असे शेठ मी बघितले आहेत. गाडी घेतली ती कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मुंबईहून येणारे पाहुणे शनिवारी संध्याकाळी त्या शंभर पावलांसाठी दांडा ओढून चारही चाकं जोडतात आणि रविवारी तशीच जोडलेली ठेवून डांबरावरून चौकच्या दिशेनं निघतात. या गाड्यांत पुढच्या-मागच्या धुऱ्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरायची मुभा नसते. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी. चिखलात टायर घसरून हिशेब जमवून घेतो. डांबरावर तो घसरत नाही आणि सगळा ताण दात्यांवर येतो. गाडी वळताना अडखळायला लागली की पाहुणे टायरमध्ये हवा बघतात.

या बाबतीत रेल्वे शहाणी. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. चढ ३७ला १. आजही पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. ती जोडून होईपर्यंत प्रवासी बटाटेवडे खातात आणि वर पोचलं की इंजिनं काढून घेतात. जास्तीची ताकद चढापुरती. लोणावळ्याच्या पुढे कोणी ती हौसेनं लावून ठेवत नाही.

रस्त्यानं घाट चढणाऱ्यांची तऱ्हा निराळी. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं, अशी कथा आहे. चालक वेग कमी करतात, नाणं टाकतात, नमस्कार करतात. मीही करतो. पण त्याच रांगेतल्या किती गाड्यांची ऑइलची पट्टी त्या महिन्यात बाहेर आलेली असते हे शिंग्रोबालाच माहीत. बिचाऱ्यानं वाट दाखवायचं काम अंगावर घेतलं होतं, चेंबरचं नव्हे.

घमेल्यातल्या काळ्या ऑइलला अंगणात फार मागणी असते. नवीन ऑइलला कोणी विचारलं नव्हतं, जुन्याला वारस उभे राहतात. एकाला गोठ्याच्या मेढींना वाळवीसाठी हवं, दुसऱ्याला स्लॅबच्या फळ्यांना चोळायला, तिसऱ्याला कुंपणाच्या खांबांना. फाटकाच्या बिजागरीला बोटभर तरी कोणीतरी मागतंच. निवडणुकीच्या आधी एक कार्यकर्ता बाटली घेऊन आला होता. कशासाठी हवं ते त्यानं सांगितलं नाही. कोणाच्या अंगावर जाणार याची शाश्वती नसल्यामुळे मी दिलं नाही.

हसण्यावारी नेलं तरी हा भाग साधा नाही. वापरलेलं ऑइल हा २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे आणि तो परवानाधारक पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. बऱ्याच गॅरेजांत त्यासाठी पिंप ठेवलेलं असतं. गोळा करणारा गाडीवाला येतो, लिटरवर भाव देतो. तरी ओहोळात घमेलं उपडं करून ‘पावसात वाहून जाईल’ म्हणणारे आहेत. वाहून जाईल हे खरं. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर पेज नदी ऐन उन्हाळ्यातही वाहती असते, तिच्या काठाला उन्हाळी भात होतो. पेज उल्हासला मिळते, आणि उल्हास बदलापूरकडे जाते, लोकांच्या नळात. खालापूरच्या बाजूला खोपोलीच्या वीजघराचं पाणी पाताळगंगेत उतरतं. आपल्या चेंबरातलं काळं तिकडे कोणाच्या माठात का म्हणून?

रिकाम्या डब्याचीही काळजी घ्यावी लागते. त्याला भोक पाडूनच टाकायचा, नाहीतर तोच डबा नकली ऑइल भरून परत फळीवर येऊन बसतो. आमच्याकडे तो अर्धा कापतात आणि त्यात अबोली लावतात. पाणी निघून जायला भोक लागतंच. इथल्या बऱ्याच पडव्यांतली अबोली ५ लिटरच्या मापात वाढते.

शेवटी पट्टी. ती बघायला गाडी सपाट जागेवर हवी आणि सह्याद्रीच्या पायथ्याला सपाट जागा कुठली? अंगण उतरतं, रस्ता चढता. खाचर मात्र सपाट असतं, कारण ते पाण्यानं मोजलेलं असतं. मेमध्ये ते कोरडं असतं. तिथं गाडी नेऊन इंजिन मिनिटभर चालवायचं, दाबाचा काटा वर येतोय ना बघायचं, मूठ ओढून बंद करायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि मग पट्टी काढायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असावं. वरच्या खुणेच्या वर असलं की माझ्यासारख्याला चिंता वाटते, काही लोकांना अभिमान वाटतो. “आमची गाडी ऑइल खात नाही, उलट वाढवते,” असं एका गृहस्थांनी मला चार माणसांत सांगितलं होतं. ऑइल वाढत नसतं. डिझेल पंपाचा पडदा फाटला की डिझेल चेंबरात उतरतं आणि पातळी चढते. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खाऊन टाकतं. मिस्त्रीनं त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मिस्त्री बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली की ऑइल काळं. कालचं सोनेरी मध गेलं कुठे? नवशिक्या मालकाचा फोन याच सकाळी येतो. “फसवलं हो दुकानदारानं, जुनंच ऑइल दिलं.” नाही फसवलं. डिझेल जळताना काजळी होते, ती पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरते आणि ऑइलमधली रसायनं तिला धरून ठेवतात, इंजिनात बसू देत नाहीत. शिवाय बोल्ट काढला तरी थोडं जुनं ऑइल आत उरतंच. एक-दोन फेऱ्यांत काळं झालं तर ऑइल त्याचं काम करतंय. जुन्या डिझेलमध्ये ते पाच हजारांपर्यंत सोनेरीच राहिलं, तर त्या दुकानदाराकडे जरूर जा.

तेव्हा मालकांनो, मृग लागायच्या आत ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, नुसतं ऑइल नको. तांब्याचा वायसर नवा घ्या, काळं ऑइल गॅरेजच्या पिंपात द्या. आणि बाकीच्यांना विनंती. जीपखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले तर पान्हा पुढे करा, चहा द्या, किंवा घमेलं थोडं मागे ओढा. बोल्ट कुठल्या बाजूला फिरतो ते आम्हाला माहीत आहे.